राजपुत्रांचे वैर आणि सम्राटाचा खुलासा

तलवारबहाद्दरांच्या चिनी अद्भुत कादंबऱ्यांत युंगचंग सम्राटाइतका बदनाम खलपुरुष क्वचितच आढळेल. इ. स. १७२२ मध्ये खांगशी सम्राट निवर्तला. मृत्युपत्रातील चौदाव्या राजपुत्राचे नाव एका अक्षराच्या फेरफाराने पुसून चौथ्याने गादी बळकावली, असे या कथा सांगतात. (राजाज्ञा मांचू भाषेतही लिहीत, एका चिनी अक्षराने काम भागले नसते.) मग शाओलिन मठातील शस्त्रविद्या, लढाऊ पंथांची फितुरी, आणि अखेर ल्यू लिउल्यांग या पंडिताच्या नातीकडून त्याचा शिरच्छेद. हाँगकाँगच्या ल्यांग यूशेंगने हिला आपल्या कादंबरीची नायिका केले. इतिहासात तिचा पुरावा नाही.

तरीही हे सारे कविकल्पनेचे पीक म्हणून सोडून देणे मला घाईचे वाटते. १७२८ मध्ये त्सेंग चिंग या खेड्यातील शिक्षकाने एका सेनापतीस बंडाची चिथावणी दिली. चौकशीत असे निघाले की, पराभूत राजपुत्रांचे हद्दपार खोजे व चाकर दक्षिणेकडे जाताना वाटेवर गादीच्या चोरीची गोष्ट सांगत गेले होते. कादंबरीतील गुप्त पंथांचे मूळ रूप मला या वाटसरूंत दिसते. त्यावर सम्राटाने काय करावे? हे सर्व आरोप आपल्या उत्तरांसह ग्रंथरूपाने छापून राज्यभर वाचावयास लावले! शत्रूलाही एवढी प्रसिद्धी साधली नसती. १६८३ मध्येच वारलेल्या ल्यू लिउल्यांगचे प्रेतही त्याने उकरविले; सुडाच्या कथेला लागणारे कारण त्यानेच पुरविले. १७३५ मध्ये तो वारल्यावर पुत्र च्येनलुंगने तो ग्रंथ परत मागविला आणि पित्याने क्षमा केलेल्या त्सेंग चिंगला ठार केले. पण ऐकणारे ऐकून चुकले होते.