लाल नळी

मागच्या महिन्यात काकांचं ऑपरेशन झालं. पोटातल्या महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत कापडी नळी बसवली. दोन फाट्यांची, थेट पायजम्यासारखी. बसवण्याआधी ती रिफाम्पिसिनमध्ये भिजवणार, असं डॉक्टर म्हणाले आणि काकू दचकल्या. "अहो, ते तर टीबीचं औषध! ह्यांना टीबी झालाय का?"

तसं काही नव्हतं. पण त्या निमित्ताने मी वाचत बसलो आणि एक मजेदार इतिहास हाती लागला.

१९४७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर वुरहीझ नावाच्या तरुण सर्जनला कुत्र्याच्या हृदयात राहिलेला रेशमी टाका दिसला. त्यावर शरीराने स्वतःचं चकचकीत अस्तर चढवलं होतं. मग कापडाची नळी का नको? आधी रेशमी रुमाल, मग पॅराशूटचं व्हिन्यॉन-एन कापड. १९५२ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. पुढे ह्यूस्टनला मायकेल डिबेकींनी दुकानात नायलॉन मिळालं नाही म्हणून डेक्रॉन आणलं आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. शिवणकाम आईने शिकवलेलं! २००६ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांच्याच छातीत डेक्रॉनची नळी बसली.

पण कापडाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशी तिथे नीट पोचत नाहीत. जंतू त्यावर चिकट थर करून बसले की औषधंही हतबल. १९५७ मध्ये एलेक आणि कॉनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग केले. नुसत्या त्वचेत पू व्हायला लाखो स्टॅफिलोकॉकस लागत, पण तिथे साधा टाका असेल तर काही शेच पुरत. एका दोऱ्याने एवढा फरक, तर वीतभर कापडाने किती? नळीला जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर पाय जाऊ शकतो, प्राणही.

मग सरळ विचार आला की नळीलाच औषध लावावं. सुरुवातीला कापडातून रक्त झिरपू नये म्हणून नळी रुग्णाच्याच रक्तात भिजवत. १९८० च्या दशकात जिलेटिन किंवा कोलॅजेनचा लेप आला, आणि जिलेटिनला रिफाम्पिसिन छान चिकटतं! पुढे चांदीचा मुलामा दिलेल्या नळ्याही आल्या. प्रयोगशाळेत निकाल झकास.

माणसांत मात्र गणित जमलं नाही. १९९० च्या दशकात इटली आणि ब्रिटनमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. रिफाम्पिसिनच्या नळ्यांनी जंतुसंसर्ग ठळकपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. लेपातलं औषध काही दिवसांत उतरतं, आणि संसर्ग तर कधी वर्षांनी डोकं वर काढतो.

खरा हिरो वेगळाच निघाला. १९७८ च्या एका अमेरिकन चाचणीत ऑपरेशनच्या वेळी शिरेतून सेफाझोलिन दिल्यावर जखमेचा संसर्ग ६.८ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आला. कॉक्रेनच्या २००६ च्या आढाव्यानेही वेळेवर दिलेल्या शिरेतल्या औषधाच्याच बाजूने कौल दिला.

हे सगळं मी डॉक्टरांपुढे (थोडं मिरवतच) मांडलं. ते हसले. "माहीत आहे. पण भिजवायला पैसे फारसे लागत नाहीत, अपाय दिसलेला नाही, आणि जांघ ही वाईट जागा आहे. भरवसा मात्र त्यावर ठेवू नका."

भरवसा कशावर, तर वेळेवर दिलेलं इंजेक्शन, स्वच्छ हात आणि नंतरची नजर. जांघेत सूज, लाली, पाणी किंवा कारण नसलेला ताप दिसला, तर वर्षं उलटली असली तरी लगेच दाखवायचं. काकूंनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.

आणि काकांनी विडी सोडलीय. निदान घरात तरी!