वाण, गुण आणि वारसा

गिरगावातल्या खोताच्या वाडीच्या नावात एक वारसा आहे. कोकणात खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. ही खोती बापाकडून मुलाकडे जायची. 1949च्या कायद्याने ती संपली. वाडीची जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. त्यांनी तिचे तुकडे पाडून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले. लाकडी गॅलऱ्यांची, बाहेरून जिना असलेली घरे त्यावर उभी राहिली.

'वारसा' मूळचा अरबी. वारस, वारसनोंद, वारसदाखला, सगळे दप्तरातले शब्द, आणि त्यांच्या पाठोपाठ येते ती वाटणी. तीन भाऊ असले की घराचे तीन भाग, नातवंडांच्या वेळी एकेक खोली. शाळेच्या जीवशास्त्रात हाच शब्द शिरला की मुलांच्या मनात वाटणीही शिरते: आजोबांचे गुण बापात अर्धे, नातवात पाव. एकोणिसाव्या शतकात भल्याभल्या शास्त्रज्ञांनाही असेच वाटे. मेंडेलने 1866 साली वाटाण्याच्या प्रयोगांवरचा निबंध छापला, त्यात याच्या उलट होते. उंच आणि बुटक्या वाटाण्यांच्या संकरातून आलेली सगळी रोपे उंच. पण त्यांच्या पुढच्या पिढीत चारांत साधारण एक बुटके, आणि तेही आजोबाइतकेच बुटके. मधल्या पिढीत लपलेले काहीही पातळ झाले नव्हते.

आनुवंशिकतेसाठी मला 'वाण' हा शब्द जवळचा वाटतो. संस्कृत वर्णापासून आलेला, म्हणजे मुळात रंग. (संक्रांतीचे वाण वेगळे, ते 'वायन'पासूनचे.) शेतकरी भाताचे वाण म्हणतो तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे ते वैशिष्ट्यच त्याला सांगायचे असते. आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण तर आनुवंशिकतेचा पहिला धडा आहे. कातडीचा रंग जन्माचा, तो शेजाराने बदलत नाही. खोड मात्र संगतीने लागते. असे असताना क्रोमोसोमला आपण म्हणतो गुणसूत्र! म्हणीने जो गुण संगतीच्या खात्यात टाकला, तोच पाठ्यपुस्तकाने जन्माच्या खात्यात आणला. वाल्डायरने 1888 साली क्रोमोसोम हे नाव दिले ते ग्रीक 'रंग' आणि 'काया' जोडून, कारण हे धागे सूक्ष्मदर्शकाखाली रंग चटकन घेतात. गुजराती पुस्तकांत त्यांना रंगसूत्र म्हणतात. मराठीत 'वाणसूत्र' झाले असते तर रंगही राहिला असता आणि म्हणही.

वाण लपतो कसा, हे परळच्या के.ई.एम. रुग्णालयात दिसले. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक निराळा रक्तगट नोंदवला. जगात तो बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. चाचणीत हे रक्त 'ओ' भासते, पण या माणसाला 'ओ' रक्त चालत नाही. ए आणि बी ज्याच्यावर घडतात तो 'एच' नावाचा पदार्थच त्याच्या तांबड्या पेशींवर नसतो. त्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही 'एच' न बनवणारे जनुक यावे लागते. त्या दोघांचे स्वतःचे रक्त बहुधा नेहमीसारखेच असते. अशा माणसाकडे ए किंवा बीचे जनुक असले तरी ते उमटत नाही. मुलाला दुसऱ्या पालकाकडून चांगला 'एच' मिळाला, की वडिलांच्या रक्तात कधीच न दिसलेला तो ए मुलात पुरताच्या पुरता उमटू शकतो.