ऑटोमॅटिक गाडीची गिअर केबल : जुळवणी बिघडली तर ‘पी’वरही भरवसा नाही

ऑटोमॅटिक गाडी उभी करताना चालक लिव्हर ‘पी’ म्हणजे पार्किंगच्या खुणेवर नेतो, इंजिन बंद करतो आणि उतरतो. गिअरबॉक्स खरोखर ‘पी’मध्ये गेला आहे की नाही, हे मात्र तो पाहू शकत नाही, त्याला दिसते ती केवळ लिव्हरची जागा. बहुतेक पारंपरिक ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा दुवा म्हणजे आवरणातून सरकणारी एक पोलादी तार. तिला शिफ्ट केबल किंवा गॅरेजच्या बोलीत नुसतेच गिअर केबल म्हणतात. तिची जुळवणी काही मिलिमीटरने चुकली, तरी लिव्हर एक सांगतो आणि गिअरबॉक्स दुसरेच करतो.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. जून २०२२ मध्ये फोर्ड कंपनीने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत एस्केप, फ्यूजन, सी-मॅक्स, एज आणि ट्रान्झिट कनेक्ट या मॉडेलांचा समावेश होता. तार तुटत नव्हती; तारेचे टोक गिअरबॉक्सला जोडणारा लहानसा बुश झिजून निखळत होता. परिणामी लिव्हर ‘पी’वर असे, किल्लीही निघे, पण गाडी आधीच्याच गिअरमध्ये राही आणि चालक उतरल्यावर घरंगळू शके. उपाय साधा होता : नवा बुश आणि त्यावर संरक्षक टोपी. त्याच कंपनीला १९८० मध्ये वेगळ्या कारणाने असाच प्रश्न भेडसावला होता. लिव्हर ‘पी’ आणि ‘आर’ म्हणजे रिव्हर्स यांच्या मधोमध अडकून गाडी अचानक मागे जात असल्याच्या तक्रारी होत्या. अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार तेव्हा गाड्या परत न बोलावता सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना इशाऱ्याचे स्टिकर पाठविण्यात आले. एवढ्या गंभीर दोषावर स्टिकरचा उतारा पुरेसा नव्हता, ही टीका त्यावर दीर्घकाळ होत राहिली.

केबलचे महत्त्व समजण्यासाठी गिअरबॉक्सच्या आत डोकवावे लागते. केबल बाहेरील एका लहान हाताला ओढते. त्या हाताच्या दांड्यावर आत खाचा असलेली पट्टी असते व स्प्रिंगने दाबलेला रोलर एकेका खाचेत बसतो. लिव्हर हलवताना जाणवणारे ‘टक्-टक्’ बहुतांशी याच खाचांचे असते. हाच दांडा एकीकडे तेलाचा प्रवाह वळवणारा व्हॉल्व्ह सरकवतो आणि दुसरीकडे ‘पी’मध्ये एक खटका दातेरी चाकात ढकलून चाके अडवतो. दांडा खाचेत नेमका न बसता मध्येच राहिला, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, तेलाचा दाब पुरेसा मिळत नाही आणि आतील क्लच प्लेट घसरून जळू लागतात. म्हणजे काही मिनिटांत होणारे काम दुर्लक्षिले, तर पूर्ण गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च ओढवू शकतो.

बिघाडाची पहिली चाहूल बहुधा स्टार्टर देतो. इंजिन ‘पी’मध्ये सुरू होत नाही, ‘एन’मध्ये मात्र होते, किंवा लिव्हर किंचित पुढे रेटून धरावा लागतो. डॅशबोर्डवरील अक्षर आणि लिव्हरजवळील खूण यांचा मेळ बसत नाही. काही वेळा लिव्हर अगदी सैल, जणू कशालाच जोडलेला नसल्यासारखा फिरतो. हे शेवटचे लक्षण जुळवणीचे नसून निखळलेल्या बुशचे असते. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याच्या फंदात पडू नये.

जुळवणीचे मूलतत्त्व एकच : प्रमाण मानायची ती गिअरबॉक्सची खाच, लिव्हरजवळची खूण नव्हे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, इंजिन बंद ठेवावे आणि सायलेन्सरचे पाइप निवू द्यावेत. गाडीखाली शिरायचे असल्यास केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. भक्कम स्टँड लावावेत. लिव्हर ‘पी’वर ठेवायचा की ‘एन’वर, हे गाडीगणिक बदलते, त्यासाठी त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. टोयोटाच्या अनेक गाड्यांत केबलचा नट सैल करून गिअरबॉक्सचा हात ‘पी’च्या टोकापर्यंत नेतात आणि तेथून दोन खाचा मागे आणतात. तो ‘एन’ झाला. मग आतील लिव्हर ‘एन’वर ठेवून तो ‘आर’कडे हलकेच दाबून धरतात, म्हणजे सांध्यांतील ढिलाई निघून जाते, आणि त्याच स्थितीत नट आवळतात. अनेक नव्या गाड्यांत नटाऐवजी सरकते प्लास्टिकचे लॉक असते. ते उघडले की केबल स्वतःची लांबी घेते आणि लॉक पुन्हा दाबून बसवायचे असते. केबल ओढून-ताणून ‘अंदाजाने’ बसवणे ही येथील सर्वात मोठी चूक.

काम झाल्यावर तपासणी टाळू नये. पाय ब्रेकवर ठेवून प्रत्येक जागी किल्ली फिरवावी. इंजिन केवळ ‘पी’ आणि ‘एन’मध्येच सुरू झाले पाहिजे. गिअरमध्ये स्टार्टर चालू नये आणि पुढच्या व मागच्या गिअरच्या मध्ये ‘एन’ असावा, या दोन्ही अटी अमेरिकेच्या सुरक्षा मानकात १९६८ पासून आहेत. त्यानंतर ‘आर’मध्ये मागचे पांढरे दिवे लागतात का, ते पाहावे. शेवटी सौम्य उतारावर, पुढे-मागे कोणी नसताना, ‘पी’ लावून ब्रेक सावकाश सोडावा. खटका दातांत बसेपर्यंत गाडी किंचित हलणे स्वाभाविक आहे. ती सरकतच राहिली तर जुळवणी पुन्हा करावी.

तरीही सगळे जुळवणीने सुटत नाही. पोलादी तार सहसा लांबत नाही. त्यामुळे केबल वारंवार जुळवावी लागत असेल, तर बुश, ब्रॅकेट किंवा आवरणातला गंज यांकडे पाहावे. तुटलेला बुश प्लास्टिकच्या पट्टीने बांधून गाडी परत देण्याचा ‘जुगाड’ कोणी सुचवला, तर तो नाकारावा.

भारतीय मालकांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे रूढ झालेल्या एएमटी गाड्यांत लिव्हर केवळ विद्युत संकेत देतो. तेथे जुळवायला अशी केबल नसते आणि बहुतेकांत ‘पी’ही नसतो. तेथे गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा असतो. ‘पी’ असलेल्या गाडीत मात्र उतारावर क्रम महत्त्वाचा : ब्रेक दाबून गाडी थांबवावी, लिव्हर ‘एन’वर न्यावा, हँडब्रेक ओढून पाय क्षणभर उचलावा म्हणजे भार हँडब्रेकवर येतो, मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ लावावा. असे केल्याने खटक्यावर गाडीचे ओझे राहत नाही आणि निघताना लिव्हर ‘पी’तून सहज सुटतो.