जखमेचा वारसा आणि आल्कली लेकचे गाव

इ. स. १९०२ च्या फेब्रुवारी महिन्यात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, विल्यम्स लेक येथील मिशनच्या निवासी शाळेतून काही मुले पळून गेली. बाकीची पकडून परत आणली गेली. आठ वर्षांचा डंकन स्टिक्स मात्र परतला नाही. कडाक्याच्या थंडीत गारठून तो मरण पावला. मुलगा आल्कली लेक ह्या शुस्वाप आदिवासींच्या गावचा. चौकशी झाली. वडिलांनी साक्ष दिली. मुलांनी अन्नाविषयी व मारहाणीविषयी सांगितले. शाळा मात्र पुढे चालूच राहिली. १८९१ साली सुरू झालेली ही शाळा १९८१ साली बंद पडली. ती चालवीत होता ऑब्लेट हा आपल्याच ख्रिस्तसभेतील व्रतस्थ संघ. पुढे हेच आल्कली लेक दारूने बुडाले आणि दारूतून वरही आले. हा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कॅनडात अशा सुमारे १३९ शाळा होत्या व त्यांतून अदमासे दीड लाख आदिवासी मुले गेली. पैसा सरकारचा, व्यवस्था निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची. त्यांतील निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिकांच्या हाती होत्या. १९२० साली कायद्यात दुरुस्ती करून ७ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना सक्तीने शाळेत धाडण्याची तरतूद झाली. मुलांना मायबोली बोलण्यास बंदी, बहीणभाऊ एकाच आवारात असूनही एकमेकांपासून दूर, आणि आईबाप शेकडो मैलांवर. ‘आदिवासीपण’ पुसून टाकणे हाच ह्या शिक्षणाचा उघड हेतू होता.

अशा शाळेत वाढलेले मूल घरी परतले, की काय घडत असे? आजीची भाषा त्याला कळेनाशी झालेली असे. सहाव्या-सातव्या वर्षापासून आईची कूस त्याला मिळालेली नसे. त्यामुळे स्वतःची लेकरे झाल्यावर त्यांना कवटाळावे कसे, हेच त्याला ठाऊक नसे. शिस्त म्हणजे मार, एवढेच त्याने पाहिलेले. शाळेत जे भोगले ते तो कोणालाही सांगत नसे. न बोललेले दुःख बधिर करण्याचा एक स्वस्त उपाय जवळच मिळत होता, तो म्हणजे दारू. मग त्याची मुले दारूच्या घरात वाढत, आणि तीही पुन्हा त्याच शाळेत धाडली जात. लकोटा जमातीच्या अभ्यासक मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी अशा पिढ्यानुपिढ्या साचत गेलेल्या जखमेला १९८० च्या दशकापासून ‘ऐतिहासिक आघात’ असे नाव देऊन तिचा अभ्यास केला. नाव नवे असेल. वस्तुस्थिती जुनीच आहे. घरातील माणसे ज्याविषयी बोलत नाहीत, तेही मुलांच्या वाट्याला येते.

१९६० च्या दशकापर्यंत आल्कली लेकमध्ये दारूपासून सुटलेले घर जवळजवळ उरले नव्हते. आसपासचे लोक त्या गावाला हिणवून ‘आल्कोहोल लेक’ म्हणत. आदिवासींच्या रक्तातच दारू आहे, असे गोरे शेजारी सांगत. आणि दुर्दैव असे, की आदिवासींनाही ते खरे वाटू लागले होते.

१९७२ च्या सुमारास फिलिस चेल्सी नावाची तेथील एक आई आजीकडे ठेवलेली मुले न्यायला गेली. सात वर्षांच्या मुलीने घरी येण्यास नकार दिला. आईबाप दारू पितात म्हणून. त्या दिवसापासून फिलिसने दारू सोडली. थोड्याच काळात तिचा पती अँडी यानेही सोडली. दोघेही त्याच मिशन शाळेत शिकलेली होती. एड लिंच नावाचे एक ऑब्लेट धर्मबंधू व्यसनमुक्तीच्या सभा घेण्यासाठी गावात येऊ लागले. ज्या संघाने ती शाळा चालविली, त्याच संघाचा हा बंधू. आरंभी सभेला हे दांपत्य आणि तो बंधू, याखेरीज क्वचितच कोणी असे.

पुढे अँडी गावाचा मुखिया झाला. चोरून दारू विकणाऱ्यांना त्याने पोलिसांकरवी पकडविले. त्यांत आप्तही सुटले नाहीत. मदतीचे सरकारी पैसे दारूत जाऊ नयेत म्हणून रोकडीऐवजी किराण्याच्या चिठ्ठ्या दिल्या गेल्या. गुन्हा केलेल्या व्यसनी माणसापुढे तुरुंग किंवा उपचार असे दोनच मार्ग ठेवले. परंतु नुसत्या धाकाने गाव सुधारले नसते. माणूस उपचारासाठी गेला, की शेजारी त्याची मुले सांभाळीत आणि त्याच्या घराची डागडुजी करीत. पूर्वजांचे विधी, गाणी व भाषा यांकडे गाव पुन्हा वळले. सुमारे पंधरा वर्षांत बहुतेक प्रौढ माणसे दारूमुक्त झाली. गावकरी स्वतः १०० पैकी ९५ असा आकडा सांगत. १९८५ साली ‘द ऑनर ऑफ ऑल’ ह्या चित्रपटात गावकऱ्यांनी स्वतःच्याच भूमिका केल्या. दोष रक्तात असता, तर तो पंधरा वर्षांत कसा ओसरला असता?

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दारू सुटली म्हणजे जखम भरली, असे झाले नाही. उलट ती उघडी पडली. शुद्धीवर आलेल्या माणसांना शाळेतील दिवस आठवू लागले, आणि लैंगिक अत्याचारांच्या कहाण्या प्रथमच बाहेर आल्या. प्रकरणे न्यायालयात गेली. त्या शाळेचे एके काळचे मुख्याध्यापक पुढे महागुरू झाले होते. त्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. १९९६ साली त्यांना झालेली शिक्षा अपिलात टिकली नाही. मात्र १९९८ च्या जूनमध्ये आल्कली लेक येथेच लोकांच्या वर्तुळात बसून त्यांनी आपल्या वर्तनाबद्दल माफी मागितली. ऑब्लेट संघाने १९९१ साली, सरकारने २००८ साली, आणि पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी कॅनडातील मास्क्वासिस येथे क्षमायाचना केली. डंकन स्टिक्सच्या मृत्यूला तेव्हा १२० वर्षे झाली होती.

बाबिलोनच्या बंदिवासातील लोक बापजाद्यांच्या आंबट द्राक्षांची म्हण सांगून हातपाय गाळून बसले होते. यहेज्केल संदेष्ट्याने ती म्हण मोडीत काढली. त्याचा अर्थ, बापाच्या करणीचा परिणाम मुलावर होत नाही, असा आम्ही घेत नाही; परिणाम होतो, हे आल्कली लेकने दाखविले आहे. मुलाच्या पुढची वाट त्या परिणामाने बंद होत नाही, हा त्याचा अर्थ. आणि तोही त्याच गावाने दाखविला.

आपल्या धर्मग्रामांतही दारूने पोखरलेली घरे आहेत. त्या घरांचा इतिहास कॅनडातील घरांचा नव्हे. पण प्रत्येक घराला काही ना काही इतिहास असतोच. व्यासपीठावरून मद्यपानाचा निषेध करणे सोपे आहे, आणि तो करावाही. कारण दारू प्रथम फिलिसलाच सोडावी लागली, तिच्या वतीने दुसरे कोणी सोडू शकले नसते. परंतु निषेधाबरोबर आम्हां धर्मगुरूंनी आणि शेजाऱ्यांनीही विचारावे, की ह्या माणसाच्या घरी पूर्वी काय घडले, त्याविषयी कोणी कधी बोलले का, आणि त्या घडण्यात आपला काही हात होता का? उत्तर ऐकण्याची तयारी असेल, तरच प्रश्न विचारावा. आणि तो माणूस उपचारासाठी जाईल, तेव्हा त्याची मुले सांभाळावीत, त्याच्या घराचे गळके छप्पर शाकारून ठेवावे. तो परत येईल तेव्हा त्याला राहण्याजोगे घर असले पाहिजे.