राजमाता मखदूमा-ए-जहाँ



दख्खनच्या कर्तबगार स्त्रियांचा विषय निघाला की चाँदबिबीचे नाव चटकन ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु चाँदबिबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला लढविला, त्याच्या सुमारे १३५ वर्षे आधी बीदर येथे एका मातेने अख्खे बहमनी राज्य सावरले होते. आपले हिंगोली आणि बीदर ही गावे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. तरीही त्या राजमातेचे नाव आपल्या मुलामुलींना क्वचितच ठाऊक असते. ते नाव म्हणजे मखदूमा-ए-जहाँ नर्गिस बेगम.

१४६१ मध्ये त्यांचे पती सुलतान हुमायूनशहा मरण पावले. त्यांच्या कठोर शिक्षांमुळे लोक त्यांना 'जालीम' म्हणत. गादीवर आला आठ वर्षांचा पुत्र निजामशहा. बेगमसाहेबांनी ख्वाजा जहाँ तुर्क व महमूद गावान या दोन वजिरांना सोबत घेतले. त्या स्वतः पडद्यात राहत. एका सेविकेमार्फत वजिरांशी सल्लामसलत होई आणि मगच दरबारात निर्णय जाहीर होत. विनाकारण तुरुंगात डांबलेल्यांची त्यांनी सुटका केली. खैरात केवळ पैशाचीच असते असे नाही. निरपराध माणसाला त्याच्या घरी परत पाठविणे हेही मोठे पुण्यकर्म होय.

मूल गादीवर पाहून शेजारी चालून आले. ओरिसाच्या राजाला परतविण्यात आले. पण माळव्याच्या महमूद खिलजीने बीदर शहरच घेतले. बालराजाला घेऊन बेगमसाहेब फिरोजाबादला गेल्या आणि गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याकडे मदत मागितली. गुजरातची फौज येताच खिलजीला माघार घ्यावी लागली. कोठे झुंजावे आणि कोठे स्नेह जोडावा, हे त्या जाणून होत्या.

१४६३ मध्ये निजामशहा ऐन लग्नाच्या रात्री वारला. ते दुःख गिळून त्यांनी धाकट्या मुहम्मदशहाला गादीवर बसविले आणि विद्वान गुरूंकडून त्याला उत्तम तालीम दिली. ख्वाजा जहाँ शिरजोर झाला, तेव्हा १४६६ मध्ये त्यांच्याच संमतीने तो मारला गेला. आज ही गोष्ट कठोर वाटेल, आणि ती कठोर होतीच. पुढे पुत्राचे लग्न लावून त्यांनी कारभार आपण होऊन सोडला. हाती आलेली सत्ता अशी सोडणारे इतिहासात फार थोडे!

गावान आता मुख्य वजीर होता. १४७२ मध्ये त्याने बीदरला प्रसिद्ध मदरसा उभारला. त्याचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. त्याच सुमारास बेळगावच्या मोहिमेवर पुत्राबरोबर असताना राजमातेचे निधन झाले. पुढे काय घडले? १४८१ मध्ये एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून मुहम्मदशहाने त्याच गावानचा वध करविला. वर्षभरात तोही गेला आणि राज्याची शकले होऊ लागली.

वाचकहो, मुहम्मदशहा अडाणी नव्हता, शिकलेला होता. पण पत्राची शहानिशा करण्याइतका धीर त्याने धरला नाही, आणि 'थांब बेटा, आधी चौकशी कर' असे सांगणारी आई तेव्हा हयात नव्हती. मुलांना शाळेत घालून आपली जबाबदारी संपत नाही. आणि घरात असा सल्ला देणारी माता हवी असेल, तर आज मुलीलाही तितक्याच आस्थेने शिकविले पाहिजे.