संप्रेरक : चेतवणारा आणि आवरणाराही

लंडनच्या एका व्याख्यानात १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. ग्रीक ‘होर्माओ’वरून, म्हणजे गती देणे, चेतवणे. मराठीतल्या ‘संप्रेरक’मध्ये सम्, प्र आणि ‘ईर्’ हा धातू आहे. त्याचाही अर्थ गती देणे. इतका नेमका प्रतिशब्द क्वचितच जमतो.

पण आवरणाऱ्या द्रव्याचे काय? एडवर्ड शेफर यांनी त्यासाठी ‘सैल करणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ‘कॅलोन’ असा वेगळा शब्द सुचवला होता. तो मागे पडला, आणि ते योग्यच झाले. कारण एकच द्रव्य दोन्ही कामे करते.

टेस्टोस्टेरॉनच पाहा. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, ती एलएच हे संप्रेरक सोडते, आणि त्याने वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. रक्तातली पातळी वाढली की तेच टेस्टोस्टेरॉन हायपोथॅलॅमस आणि पियुषिकेला आवरते. पातळी घसरली की इशारे पुन्हा वाढतात.

म्हणून पिळदार शरीरासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्या तरुणांची मला खरोखर काळजी वाटते. बाहेरून आलेले आणि स्वतःचे, हा फरक मेंदूला कळत नाही. तो एलएच थांबवतो, सोबत पियुषिकेचे एफएसएच हे दुसरे संप्रेरकही. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. इंजेक्शने बंद केल्यावरही ही साखळी पूर्ववत व्हायला अनेकदा कित्येक महिने लागतात.