मानमोडीची साथ आणि रोजंदारीचा माणूस



वैशाखाच्या तोंडावर सर्दीतापाचा विषय काढलेला पाहून पुष्कळांना नवल वाटेल. फ्लू म्हणजे थंडीचा आजार ही समजूत विलायती पुस्तकांबरोबर आपल्याकडे आली. आपल्या महाराष्ट्रात या तापाचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, आणि दुसरा, बहुधा लहान, हिवाळ्यात. तेव्हा मृगाच्या सरी येण्याआधी, याच दिवसांत, त्याचा विचार करावयास हवा. आम्ही वैद्य नव्हे, आणि कॉलेजची पायरीही आम्ही चढलेलो नाही. हमालांत आणि कामगारांत वावरताना जे दिसले आणि रात्री वाचून जे कळले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत एक शब्द होता, मानमोडी. माणसाची मान मोडून टाकणारा ताप. १९१८ साली पहिले महायुद्ध संपत आले असता इन्फ्लुएंझाची जी साथ सगळ्या जगावरून फिरली, तिचे हे आपल्याकडचे नाव. जगाने तिला स्पॅनिश म्हटले, ते केवळ स्पेन युद्धात नसल्याने तेथल्या वर्तमानपत्रांवर बंधन नव्हते आणि त्यांनी खरी बातमी छापली म्हणून. खरे बोलणाऱ्याच्या माथी रोग मारण्याची चाल अशी जुनी आहे!

मुंबईत १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. पुढे गोदी, कचेऱ्या, गिरण्या असे करीत तो शहरभर पसरला. जुलैत ओसरला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण सप्टेंबरात तो परतला तो काळ होऊनच. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली.

त्या वेळचे मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या अहवालातले आकडे आम्ही पहिल्यांदा वाचले, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३; पारशांत ९; मुसलमानांत १९.२; सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना सरकारी दप्तर ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणे, त्यांच्यात ६१.६. गाव एक, वारा एक, जंतू एक, आणि मरणात सातपटीहून अधिक अंतर! साथ जातपात पाहत नाही असे आपण सहज बोलून जातो. जंतू पाहत नसेल; पण ज्या खोलीत तो शिरतो ती खोली कोणाला मिळते, हे समाजाने आधीच ठरवलेले असते. एका खोलीत आठ-दहा माणसे, खिडकी नाही, आणि ताप अंगात असतानाच गिरणीचा भोंगा. सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक चाळींतून औषधे घेऊन फिरले. त्यांनी केले ते थोर होय. परंतु बाटलीतून खिडकी देता येत नाही.

आपले रिसोड त्या काळी अकोला जिल्ह्यात, मध्यप्रांत-वऱ्हाडात. येथे आजही आगगाडी नाही. पण अकोला मुंबई-नागपूरच्या लोहमार्गावर होते, आणि साथ आगगाडीने स्टेशनापर्यंत व तेथून बैलगाडीने, पायी, आठवडी बाजाराने खेड्यांत गेली. हिंदुस्थानात मध्यप्रांत-वऱ्हाडाला फार जबर तडाखा बसला. वेळही कशी साधली पाहा. त्या साली पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग झालेले, आणि ज्वारी-कापसाच्या ऐन दिवसांत घरचे कर्ते हात अंथरुणाला खिळलेले. हा ताप म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना अधिक नेई. बायका तर पुरुषांहून जास्त गेल्या. सगळ्यांची उशा-पायथ्याशी बसून सेवा करणारी तीच, आणि उरलेसुरले खाणारीही तीच. साऱ्या देशात किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली भरली. तसे पुढे पुन्हा झाले नाही.

त्या वेळी या रोगाचे कारणही कोणास ठाऊक नव्हते. एका भलत्याच जंतूवर ठपका होता. खरा विषाणू माणसात सापडला तो १९३३ साली. तरी डॉक्टर सांगत ते आजही खरे आहे: ताप आला की घरी पडून राहा, गर्दी टाळा, खोलीत वारा खेळू द्या, शिंकताना तोंड झाका. आज त्यात लशीची भर पडली आहे. विषाणू रूप पालटतो म्हणून ती दरवर्षी नवी घ्यावी लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, दमेकरी व मधुमेही यांनी तर डॉक्टरांना विचारावेच. धाप लागली, छाती दुखू लागली, की थांबू नये. विषाणूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत चांगले लागू पडते. उरलेली गोळी शेजाऱ्याकडून मागून घेण्याची आपली सवय मात्र सोडावी. १९५७ साली मद्रास बंदरातून आशियाई फ्लू आला, २००९ च्या ऑगस्टात पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली. दोन्ही वेळा सांगितले ते हेच.

पण ‘घरी पडून राहा’ या उपदेशाची किंमत कोण देतो? आमचा सारा विषय येथे येऊन ठेपतो. साथ ओसरून दोन-तीन महिने होत नाहीत तोच, जानेवारी १९१९ मध्ये, मुंबईचे लाखाहून अधिक गिरणी कामगार महागाईने संपावर गेले. इतिहासकार संप एका प्रकरणात आणि साथ दुसऱ्या प्रकरणात घालतात. ज्यांनी ऑक्टोबरात माणसे पोचवली तेच जानेवारीत रस्त्यावर होते. आजारपणात मजुरी चालू राहावी, ही मागणी कायद्यात यायला पुढे तीस वर्षे लागली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते पाहत असताना प्रा. अडारकरांनी १९४४ साली आरोग्य विम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता त्या योजनेने दिला. आमच्या मते लशीइतकेच ते रोगप्रतिबंधक आहे. मात्र शेतमजूर, वीटभट्टीवरचा, हातगाडीवाला त्यात बसला नाही. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आला खरा. तो कागदावरून लहान गावच्या बाजारात उतरवणे हे आमचे रोजचे भांडण आहे.

एका बाजारातली गोष्ट सांगतो. गावाचे नाव कशाला? सोयाबीनच्या आवकीचे दिवस, पावसाळी ताप मागे रेंगाळलेला. टोळीतला एक जण फणफणलेला, तरी पोते उचलायला उभा; वाटा बुडेल म्हणून. दोन दिवसांत टोळीतले चार जण पडले. आम्ही सुचवले की तापाच्या माणसाचा वाटा तीन दिवस टोळीने चालू ठेवावा. एक वडीलधारे हमाल भडकले: “मग सगळ्यांनाच ताप येईल!” बराच वाद झाला. शेवटी मुकादमाने हिशेब मांडला: एकाचे तीन दिवस गेले असते तर टोळीचे नुकसान किती, आणि चौघे पडल्याने झाले किती. वहीत दोन्ही रकमा शेजारी शेजारी लिहिल्या. पुढच्या हंगामापासून त्या टोळीत वाटा चालू झाला, आणि पहिल्या वर्षी तो सर्वांत आधी घ्यावा लागला तो त्या भडकलेल्या वडिलांनाच.